दगड शेवटी, आधी पत्ता

नेदरलँड्समधल्या हार्लेममध्ये राहणाऱ्या एका मराठी जोडप्याचा प्रश्न आलाय. चार वर्षांपूर्वी त्यांनी तिथं जुनं घर घेतलं. शेजारच्या आजींनी मध्यंतरी सांगितलं, की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या घरात राहणारा मुलगा जर्मनांविरुद्धच्या गुप्त चळवळीत होता. त्याला पकडून नेलं आणि गोळ्या घातल्या. दोघांना आता दारासमोरच्या फुटपाथवर त्याच्या नावाचा पितळी दगड बसवायचाय. परवानगी कोणाची, मजकूर काय लिहायचा, खर्च किती, असं सगळं विचारलंय. आणि शेवटी एक वाक्य आहे: "आम्ही बाहेरून आलेले, हे आम्ही करणं बरं दिसेल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. करा. अशा दगडांसाठी पुढाकार घेणाऱ्यांत नातेवाईक असतात, शाळेतली मुलं असतात, आणि फार वेळा आज त्या घरात राहणारी माणसं असतात. तुम्ही रोज त्याच जिन्यावरून चढता-उतरता, तेवढं नातं पुरेसं आहे. मी गेली चौदा वर्षं आमच्या गावच्या समितीत हे काम करते, आणि 'तुमचा काय संबंध?' असं मला एकदाही कोणी विचारलं नाही. मात्र पुढाकार घेणं वेगळं आणि त्या माणसावर हक्क सांगणं वेगळं. घरच्यांपैकी कोणी सापडलं, तर त्यांचा शब्द तुमच्या आधी.

या दगडांची थोडी ओळख. गुंटर डेम्निग या जर्मन कलाकारानं १९९२ साली कोलोनच्या नगरसभागृहासमोर पहिला दगड बसवला. जर्मनीत त्याला 'श्टोल्परश्टाइन' म्हणतात, म्हणजे ठेच लागावी असा दगड. नेदरलँड्समध्ये पहिले दगड २००७च्या नोव्हेंबरात बोर्ने या गावात बसले. २०२३च्या मे महिन्यात न्युर्नबर्गमध्ये एक लाखावा दगड बसला. दहा सेंटिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा आणि त्यावर ९६ बाय ९६ मिलिमीटरचा पितळी पत्रा, एवढंच त्याचं रूप. अक्षरं यंत्रानं उमटवत नाहीत, एकेक अक्षर हातोडीनं ठोकतात. २००५ पासून हे काम मिखाएल फ्रीडरिक्स-फ्रीडलेंडर हे शिल्पकार करताहेत. बहुतेक दगड ज्यू कुटुंबांचे आहेत, पण नाझींनी ज्यांना ज्यांना छळलं त्या सगळ्यांसाठी ते आहेत. रोमा, सिंती, समलिंगी, अपंग, आणि चळवळीतले लोकसुद्धा.

आता मुद्द्याचं. दगड बसतो तो माणूस स्वतःच्या मर्जीनं जिथं शेवटचा राहिला, त्या घरासमोर. जिथं लपला तिथं नाही, जिथून पकडला तिथंही नाही. ज्यू कुटुंबाच्या बाबतीत हा पत्ता बहुतेक वेळा कागदावर सरळ मिळतो. चळवळीतल्या माणसाचं तसं नसतं, कारण त्यानं आपला कागद मुद्दाम खोटा केलेला असतो.

हे नीट समजून घ्या, सगळं काम यावरच उभं आहे. १९४१ मध्ये डच नागरिकांना ओळखपत्र सक्तीचं झालं. याकोब लेंट्स या डच अधिकाऱ्यानं ते इतकं पक्कं केलं होतं, की त्याची नक्कल करणं महाकठीण. आणि नक्कल जमली, तरी तिची जोडीदार चिठ्ठी नोंदणी कचेरीत असायची. पोलिसांनी ती काढली की खोटेपणा उघडा. म्हणून खेरिट फान डेर फेन हा शिल्पकार आणि त्याचे सोबती खोटी ओळखपत्रं छापून थांबले नाहीत. २७ मार्च १९४३च्या रात्री पोलिसांच्या वेशात ते अ‍ॅमस्टरडॅमच्या नोंदणी कचेरीत शिरले, पहारेकऱ्यांना इंजेक्शन देऊन झोपवलं, बाहेर नेलं आणि आत स्फोट केले. आग विझवायला आलेल्या बंबवाल्यांनी गरजेपेक्षा पुष्कळ जास्त पाणी मारलं, असं तिथं आजही कौतुकानं सांगतात. तरीसुद्धा सुमारे १५ टक्केच चिठ्ठ्या नष्ट झाल्या. चित्रकार विलेम आरोंडेउस धरून बारा जणांना त्या १ जुलैला गोळ्या घातल्या. फान डेर फेन तेव्हा निसटला. पुढच्या मे महिन्यात अ‍ॅमस्टरडॅमच्या तुरुंगावर छापा घालताना त्याच्या मणक्यात गोळी लागली, आणि १० जून १९४४ला त्यालाही मारलं. स्वतःच्या पायावर उभं राहता येत नव्हतं, दोन सोबत्यांनी धरून उभं केलं.

ज्या चिठ्ठ्या जाळण्यासाठी ही माणसं मेली, त्याच चिठ्ठ्या आज आपण त्यांचा पत्ता शोधायला उघडतो. वाचनालयात ते पिवळं कार्ड हातात घेताना मला दर वेळी हे आठवतं. म्हणून कार्डावर जे लिहिलंय ते खरंच असेल, असं धरून चालू नका. नाव बदललेलं असेल. 'स्थलांतर' म्हणून दिलेला पत्ता घरच्यांना वाचवण्यासाठी दिलेली थाप असेल. हार्लेमचीच हानी स्खाफ्त घ्या. तिचं खरं नाव यानत्ये योहाना. हानी हे चळवळीतलं नाव, आणि देश तिला त्याच नावानं ओळखतो. लाल केस ओळखू येतात म्हणून तिनं ते काळे रंगवले, चष्मा लावला. मुलगी हाती लागेना म्हणून तिच्या आईवडिलांनाच काही काळ फुख्तच्या छावणीत डांबलं. विंटर्सवेइकच्या हेलेना काउपर्स-रीटबर्ख यांनी भूमिगतांना घरं मिळवून देणारी देशभरची साखळी उभी केली. त्यांना सगळे 'टांटे रीक' म्हणायचे, आपल्या भाषेत रीकमावशी. त्या राफेन्सब्रुकच्या छावणीत वारल्या. वालराफेन फान हाल हा बँकवाला चळवळीला पैसा पुरवायचा, त्याचं एक टोपणनाव होतं 'तेलवाला'. अशा माणसांचं एकच नाव घेऊन शोध घेतला, तर अर्धी कागदपत्रं हातून निसटतात.

माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे मी एवढं का ताणते ते कळेल. सुरुवातीच्या काळात एका गावी आम्ही असाच एका तरुणाचा दगड बसवला. घरक्रमांक तिथल्या कचेरीनं दिलेल्या यादीतून घेतला होता आणि मी तो पुन्हा तपासला नव्हता. दगड बसला, नाव वाचून झालं, फुलं वाहिली. त्या तरुणाची धाकटी बहीण आली होती, नव्वदीला टेकलेली, चाकाच्या खुर्चीत. सगळं आटोपल्यावर तिनं माझी बाही ओढली आणि हळूच म्हणाली, "दार छान आहे गं, पण आमचं नव्हे. आमच्या खिडकीतून कालवा दिसायचा." मी मान वर करून पाहिलं. समोर नुसती घरांची रांग. मग जुने नकाशे काढले. युद्धानंतर त्या रस्त्याच्या तोंडाशी नवी घरं बांधली होती आणि सगळ्या रस्त्याचे क्रमांक पुढे सरकवले होते. आमच्या यादीत जुने क्रमांक होते. दगड उपटून पाच दारं पुढं न्यावा लागला. त्या घरच्यांकडे नव्यानं जाऊन बोलावं लागलं, आधीच्या घरच्यांची माफी मागावी लागली. बहीण पुन्हा आली. या वेळी भाषण नको म्हणाली. खुर्चीचा ब्रेक लावून ती कालव्याकडे बघत बसली, आम्ही गप्प उभे राहिलो. तेव्हापासून युद्धापूर्वीचा नकाशा आणि त्या काळचं पत्तापुस्तक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी अर्जावर सही करत नाही.

तुमच्यासाठी सुरुवातीची जागा म्हणजे नूर्ड-हॉलंड्स आर्खीफ, ते तुमच्याच गावात आहे. रस्त्याचं नाव किंवा क्रमांक बदललाय का, हे तिथल्या लोकांना पहिल्या भेटीतच विचारा. नाव पक्कं झालं की 'एरेलाइस्ट' पाहा. युद्धात पडलेल्या सैनिकांची आणि चळवळीतल्या लोकांची ही मानाची यादी, सुमारे १८,००० नावांची. मूळ ग्रंथ हेगमध्ये संसदेत ठेवलाय आणि त्याचं पान रोज उलटतात. यादी ऑनलाइनही शोधता येते. पण तिथं नाव नाही म्हणजे तो माणूस चळवळीत नव्हता, असं मात्र समजू नका. व्यक्तिगत नोंदपत्राची नक्कल हेगच्या वंशावळ केंद्रातून मागवता येते. १९३९ पासून प्रत्येक रहिवाशाचं असं एक पत्र असायचं. तुरुंग आणि छावणीचे कागद जर्मनीतल्या आरोल्सेन दफ्तरात मिळतात, तिथं १ कोटी ७५ लाख माणसांची माहिती आहे आणि शोध फुकट. अ‍ॅमस्टरडॅमची नियॉड ही संस्था तर १९४५च्या मे महिन्यात, देश मोकळा झाल्यावर तीनच दिवसांत युद्धकाळातले कागद जमवण्यासाठी सुरू झाली. जुनी वर्तमानपत्रं 'डेल्फर' या संकेतस्थळावर वाचा, युद्धानंतरच्या पहिल्या वर्षातली खास करून. बेपत्ता मुलांचे आईवडील तेव्हा छोट्या जाहिराती देत. एका जाहिरातीत आईनं मुलाच्या स्वेटरचा रंग लिहिला होता, आणि त्यावरूनच आमचं एक कोडं सुटलं.

युद्धानंतर फितुरांवर खटले झाले. त्यांची कागदपत्रं हेगच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहेत आणि १ जानेवारी २०२५ पासून त्यावरचं जुनं बंधन उठलंय. सुमारे सव्वाचार लाख नावांची सूची ऑनलाइन आहे, प्रत्यक्ष फाइल वाचनालयात बसून पाहावी लागते. तुमच्या मुलाला कोणी पकडून दिलं, ते तिथं सापडण्याची बरीच शक्यता आहे. ते वाचा, तारीख आणि ठिकाण ताडून पाहा. पण ते नाव समारंभात घेऊ नका, गल्लीत बोलू नका. त्या माणसाची नातवंडं दोन गल्ल्या सोडून राहत असतात आणि त्याच दुकानात पाव घेतात. त्यांनी काहीही केलेलं नाही.

आता घरचे. आईवडील, भावंडं आता बहुधा उरलेली नसणार, पुतण्या-भाच्या मिळतील. गावच्या वर्तमानपत्रात चार ओळींचं निवेदन द्या, युद्धसमाध्या सांभाळणाऱ्या संस्थेमार्फत निरोप पाठवता येतो का ते विचारा. पत्र लिहाल तेव्हा 'आम्ही दगड बसवतोय, तुम्ही या' असं लिहू नका. 'आम्ही त्या घरात राहतो, असं करावं असं वाटतं, तुम्हाला चालेल का' असं लिहा. काही घरं नाही म्हणतात. एका काकांनी मला सांगितलं होतं, की त्यांच्या आईनं आयुष्यभर भावाचं नाव घरात काढू दिलं नाही, कारण त्याच्यापायी बापालाही नेलं होतं. तो दगड आम्ही बसवला नाही. फाइल माझ्या कपाटात आहे.

परवानगी सोपी आहे. फुटपाथ 'खेमेन्ते'चा, म्हणजे नगरपालिकेचा, तेव्हा परवानगी तिचीच. हार्लेममध्ये हे काम करणारी माणसं आहेत, त्यांना आधी गाठा. डेम्निग यांच्या संस्थेकडे अर्ज त्यांच्यामार्फत गेला की पुष्कळ घोळ वाचतात. अर्जापासून दगड हातात यायला सहा महिने ते वर्ष सहज जातं. खर्च एखाद्या बऱ्या जुन्या सायकलीइतका, शेजाऱ्यांनी वर्गणी काढली तर आणखी छान.

मजकुरावर मात्र मला जरा जास्त बोलायचंय. पहिली ओळ ठरलेली, 'हीर वोन्द', म्हणजे 'इथे राहत होता'. मग नाव, जन्मसाल, चळवळीतला सहभाग, अटकेची तारीख, मृत्यूची तारीख आणि जागा. बस. आपल्या मराठी मनाला लगेच 'हुतात्मा', 'शूर', 'देशासाठी' असं काहीतरी लिहावंसं वाटतं. त्या पत्र्यावर त्याला जागा नाही, आणि मला ते पटतं. जन्म आणि मृत्यू या दोन तारखांमधलं अंतर वाचणाऱ्यालाच मोजू द्यावं. हानी स्खाफ्तला १७ एप्रिल १९४५ला मारलं, देश ५ मेला मोकळा झाला. मध्ये अठरा दिवस. याला कुठलंही विशेषण कमीच पडेल.

मृत्यूसाठी शब्द कुठला, यावर समित्यांमध्ये नेहमी वाद होतो. 'फाशी झाली', 'मृत्युदंड दिला' या अर्थाचे डच शब्द मी येऊ देत नाही. त्यात कायदेशीर शिक्षेचा वास येतो. अ‍ॅमस्टरडॅममध्ये वेटरिंगप्लांत्सूनवर १२ मार्च १९४५ला ३६ जणांना रस्त्यात उभं करून मारलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवून बघायला लावलं. तुमच्या हार्लेममध्ये, फाके क्रिस्ट हा फितूर पोलीस मारला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, २६ ऑक्टोबर १९४४ला वेस्टरखाख्टवर दहा कैद्यांना असंच मारलं. त्यांच्यावर त्या हत्येचा कुठला खटला चालला होता? 'गोळ्या घातल्या' हे वस्तुस्थिती सांगणारं आहे, 'हत्या केली' हेही चालतं. टोपणनाव घालायचं तर घाला, पण जन्मनावाच्या खाली. आणि अक्षर न् अक्षर तिघांनी वेगवेगळं बसून तपासा, पितळेवर ठोकलेलं अक्षर खोडता येत नाही.

त्याचा पक्ष, त्याचा धर्म यावरून संकोच करू नका. चळवळीत कडवे कॅल्विनपंथी ख्रिस्ती होते, कम्युनिस्ट होते, दोन्ही नसलेलेही होते. युद्ध संपलं तेव्हा हार्लेमजवळच्या ओफरफेनच्या वाळूच्या टेकड्यांत ४२२ जणांचे देह सापडले, त्यात हानी ही एकटी स्त्री. १९४५च्या नोव्हेंबरात तिला तिथल्याच मानाच्या दफनभूमीत राणीच्या उपस्थितीत पुरलं. आणि १९५१ मध्ये सरकारनं तिच्याच स्मृतिदिनाच्या मिरवणुकीवर बंदी घालून वाट अडवली, कारण कम्युनिस्ट तिला आपली म्हणत होते. त्यानंतर तीसेक वर्षांनी, १९८२ मध्ये केनाउपार्कात पुतळा उभा राहिला. तो घडवला तिच्या खांद्याला खांदा लावून लढलेल्या त्रूस मेंगर यांनी. एकदा जाऊन पाहून या, तुमच्या घरापासून लांब नाही.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट होती. भारतातून आलेल्या तुमच्या आई म्हणाल्या, "नावावर लोकांचे पाय पडणार, हे कसलं स्मारक?" त्यांना जुनाट समजू नका. म्युनिकच्या ज्यू समाजाच्या प्रमुख शार्लोट क्नोब्लोख, त्या स्वतः त्या छळातून वाचलेल्या, त्यांचा आक्षेप अगदी हाच होता. म्युनिकनं सार्वजनिक जागेत हे दगड बसवू दिले नाहीत. २०१८ पासून तिथं भिंतीवर पाट्या आणि उभे खांब लावतात. डेम्निग यांचं म्हणणं असं, की नाव वाचायला माणसाला खाली वाकावं लागतं, म्हणजे नमस्कारच घडतो. मी दोन्ही बाजू ऐकून अनेक दगड बसवलेत. आणि मी पाहिलंय ते असं, की ज्यांना दगड माहीत असतो ती माणसं त्याला वळसा घालून जातात. लहान मुलं तर हमखास. पण घरच्यांपैकी कोणाला पाय लागण्याचं वाईट वाटत असेल, तर भिंतीवर पाटी लावा. भिंत तुमची आहे, त्याला घरमालकाची संमती लागते ती तुमच्याच हातात. रस्त्याला नाव देणं हा तिसरा मार्ग. अ‍ॅमस्टरडॅममध्ये ज्या रस्त्यावर जर्मन गुप्त पोलिसांचं मुख्यालय होतं, तो ऑयटर्पेस्ट्राट युद्धानंतर खेरिट फान डेर फेनच्या नावाचा झाला. पण ते नगरपालिकेचं काम, त्यात वर्षं जातात.

बसवण्याचा दिवस साधा ठेवा. आदल्या आठवड्यात गल्लीत चिठ्ठ्या टाका, त्या जागी गाडी लावू नका म्हणून. खेमेन्तेचा फरसबंदी कामगार येतो. हार्लेमला तुमच्या गल्लीत तीस बाय तीसच्या काँक्रीट फरश्या असतील तर एक फरशी उचलून कापावी लागते, विटा असतील तर दोन काढल्या की झालं. तो खाली वाळू सारखी करतो, दगड बसवतो, रबरी हातोडीनं चार ठोके देतो, हातानं चाचपून पाहतो की कड वर आलेली नाही ना. मग फटीत वाळू झाडतो आणि ओल्या फडक्यानं पितळ पुसतो. हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे आणि त्या दहा मिनिटांत कोणी बोलत नाही. त्यानंतर नाव मोठ्यानं वाचा. घरच्यांना बोलायचं असेल तर बोलू द्या. चहा-कॉफी तुमच्या घरात द्या. घरच्यांना घर आतून बघायचं असतं, ते विचारायला लाजतात. तुम्ही आपणहून म्हणा, "वर चला, खोल्या बघा."

पितळ काळं पडतं, वर्षभरात अक्षरं मिटल्यासारखी दिसतात. वर्षातून दोनदा तरी घासा. बरेच जण ४ मेच्या आधी घासतात, त्या संध्याकाळी आठ वाजता सगळा देश दोन मिनिटं स्तब्ध उभा राहतो. तारेचा चोथा अजिबात वापरू नका, ओरखडे जात नाहीत. दुकानातलं पितळेचं पॉलिश चालतं, आणि आपल्या समईला लावतो ती चिंचही उत्तम चालते. फक्त नंतर भरपूर पाणी ओता, आंबट फटीत राहिलं तर कडेनं हिरवं धरतं. आणि पुढं कधी घर विकाल, तर विजेच्या मीटरची, बॉयलरची कागदपत्रं नव्या मालकाला देताना त्याला बाहेर न्या, दगड दाखवा, त्या मुलाचं नाव सांगा, आणि घासायचं फडकं त्याच्या हातात द्या.